फिल्टर लावलेला आकडा ताडायचा कुणाशी?

प्रश्न थोडक्यात असा. एका प्रवासी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईतल्या काही स्टेशनांबाहेर उभं राहून १२०० लोकल प्रवाशांकडून प्रश्नावली भरून घेतली. त्यात ५०० महिला, ७०० पुरुष. एक प्रश्न होता, ‘गेल्या आठवड्यात गर्दीमुळे समोर आलेली गाडी एकदा तरी सोडून द्यावी लागली का?’ एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळा डेटा घेतला की ‘हो’ येतं ५३ टक्के, महिलांचा फिल्टर लावला, म्हणजे फक्त महिलांच्या नोंदी ठेवल्या, की ५८ टक्के. हे दोन्ही आकडे एकाच टेबलात शेजारी शेजारी हवेत. पण फिल्टर लावला की सगळं टेबलच बदलतं आणि काढला की महिलांचा आकडा जातो. शिवाय हा फरक ‘सिग्निफिकंट’ आहे का, म्हणजे निव्वळ योगायोगाने आलेला नाही ना, तेही सांगायचं आहे, कारण लेडीज स्पेशल वाढवा असं निवेदन डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) कार्यालयाला द्यायचं आहे.

मी मार्केट रिसर्चमध्ये डेटा प्रोसेसिंगच्या बाजूला, आमच्या बोलीत ‘टॅब्स काढण्याच्या’, म्हणजे सर्वेक्षणाची टेबलं बनवण्याच्या कामात, बरीच वर्षं आहे. हा प्रश्न क्लायंटकडून येतो, नव्याने लागलेल्या मुलामुलींकडून येतो, पीएचडी करणाऱ्यांकडूनही येतो. टेबल शेजारी शेजारी आणायला पाच मिनिटं लागतात, ते खाली सांगतेच. पण तुमची खरी अडचण क्लिक कुठे करायचं ही नाही. तुम्ही महिलांची तुलना ज्या टोटलशी करताय, त्या टोटलमध्ये त्याच ५०० महिला बसलेल्या आहेत. घरातल्या थोरल्याची उंची, थोरल्याला धरून काढलेल्या घराच्या सरासरीशी ताडून बघावी तसं हे झालं. फरक दिसतो, पण अर्धामुर्धा.

हिशोब हातानेच करून बघा. ५०० पैकी २९० महिला ‘हो’ म्हणाल्या, म्हणजे ५८ टक्के. एकूण १२०० पैकी ६४०, म्हणजे ५३.३ टक्के. मग पुरुषांत उरले ७०० पैकी ३५०, बरोब्बर ५० टक्के. महिला आणि टोटल यांच्यातला फरक ४.७ अंकांचा, महिला आणि पुरुष यांच्यातला ८ अंकांचा. या दोन फरकांचं नातं पक्कं असतं. महिला आणि पुरुष यांच्यातल्या फरकाला नमुन्यातल्या पुरुषांच्या हिश्शाने गुणलं की महिला आणि टोटल यांच्यातला फरक मिळतो. ७०० भागिले १२०० म्हणजे ०.५८, त्याला ८ ने गुणा, आले ४.७. नमुन्यात महिला ९० टक्के असत्या तर तोच ८ चा फरक टोटलच्या शेजारी जेमतेम ०.८ दिसला असता. म्हणजे टोटलशी दिसणारा फरक गटाच्या वेगळेपणाइतकाच गटाच्या आकारावरही ठरतो. म्हणून ‘महिला टोटलपेक्षा ५ ने वर, ज्येष्ठ नागरिक टोटलपेक्षा ७ ने वर, म्हणजे ज्येष्ठांचा प्रश्न मोठा’ असली वाक्यं मी रिपोर्टमधून खोडून टाकते.

आता सिग्निफिकन्स. दोन टक्केवाऱ्यांची नेहमीची झेड चाचणी असं धरून चालते की दोन्ही गट वेगळे आहेत, एकातला माणूस दुसऱ्यात नाही. ५०० वर ५८ टक्के आणि १२०० वर ५३.३ टक्के हे आकडे कुठल्याही ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये टाका, झेड येईल १.७६. पंच्याण्णव टक्के पातळीला १.९६ लागतो, म्हणजे निकाल लागला की फरक सिद्ध होत नाही. आता ५०० वर ५८ आणि ७०० वर ५० टाका. झेड येतो २.७४, फरक स्पष्ट. डेटा तोच, माणसं तीच, निकाल उलटा. गडबड पहिल्या हिशोबात आहे. स्टँडर्ड एरर (नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप) काढताना त्याने १/५०० आणि १/१२०० यांची बेरीज केली. एक गट दुसऱ्याच्या पोटात असेल तर तिथे वजाबाकी यायला हवी, कारण महिलांचा आकडा वर सरकला की तो टोटललाही थोडं ओढून वर नेतो. वजाबाकी करून बघा, झेड पुन्हा २.७४ येतो. थोडक्यात, ‘महिला विरुद्ध टोटल’ ही चाचणी नीट केली तर ती ‘महिला विरुद्ध बाकीचे’ हीच चाचणी निघते. मग ती सरळ बाकीच्यांशीच करावी. तसंही निवेदन वाचणारा अधिकारी ‘महिला ५८ टक्के’ वाचल्यावर पहिला प्रश्न ‘आणि पुरुष किती?’ हाच विचारणार.

आता टेबल. ‘डेटा’ मेनूतल्या ‘सिलेक्ट केसेस’ला हात लावू नका. जे काम फिल्टरकडून करून घ्यायचंय ते व्हेरिएबलकडून, म्हणजे डेटातल्या एका रकान्याकडून करून घ्या. स्त्री-पुरुष हा व्हेरिएबल तुमच्याकडे आहेच. ‘कस्टम टेबल्स’मध्ये प्रश्न रांगेत टाका, हा व्हेरिएबल कॉलममध्ये टाका आणि त्याला टोटल चालू करा. महिला, पुरुष, टोटल असे तीन कॉलम एका टेबलात आले, फिल्टर न लावता. ‘महिला, वय तिशीच्या आत, सेकंड क्लासचा पास’ असली लांबलचक अट असेल तर ‘कंप्यूट’ने नवा व्हेरिएबल बनवा. अटीत बसतात त्यांना १, बसत नाहीत त्यांना २, आणि माहिती अपुरी असल्यामुळे ज्यांचं ठरवता येत नाही त्यांना ९. मग हा नवा व्हेरिएबल कॉलममध्ये. तुमच्याकडे कस्टम टेबल्सचं मोड्यूल नसेल तर साध्या ‘क्रॉसटॅब्स’मध्येही ‘सेल्स’च्या खिडकीत कॉलमांची टक्केवारी आणि कॉलमांची झेड चाचणी मिळते.

ही चाचणी कॉलमांच्या जोड्या ताडते आणि जिथे फरक सिग्निफिकंट असेल तिथे अक्षरांच्या खुणा करते. टोटलच्या कॉलमला ती खूण करत नाही. लोक मला विचारतात, टोटलशी चाचणी कशी चालू करायची, पर्याय सापडत नाही. तो मुद्दामच दिलेला नाही, कारण वर सांगितलं तेच. टोटल बघण्यासाठी असतं, वाचणाऱ्याला एकूण अंदाज यावा म्हणून. ते टेबलात ठेवा, चाचणीत ओढू नका.

फिल्टर कधीच वापरू नये असं मी म्हणत नाही. एखाद्या गटापुरती पन्नास टेबलं काढायची असतील तर मीही लावते. पण लावल्यावर एसपीएसएसच्या खालच्या पट्टीत ‘फिल्टर ऑन’ दिसतं का, डेटाच्या खिडकीत वगळलेल्या ओळींच्या क्रमांकांवर तिरकी रेघ आहे का, हे बघण्याची सवय लावून घ्या. एसपीएसएस स्वतःहून फिल्टरचा एक व्हेरिएबल बनवतो आणि पुढचा फिल्टर लावला की त्याच नावावर नवा लिहितो. त्यामुळे सोमवारचा फिल्टर शुक्रवारी तिथे नसतो. आणि त्याच खिडकीत ‘न निवडलेल्या केसेस काढून टाका’ हा पर्याय आहे. तो निवडून फाइल सेव्ह केलीत की सातशे पुरुष गेलेच म्हणून समजा. मूळ फाइलची एक प्रत वेगळी, शक्यतो ‘रीड ओन्ली’ करून ठेवा. सिंटॅक्स, म्हणजे मेनूऐवजी लेखी आदेश, लिहिणाऱ्यांना ‘टेम्पररी’ हा आदेश माहीत असेल. त्याच्यानंतर दिलेली निवड पुढच्या एकाच प्रोसीजरपुरती टिकते आणि मग सगळा डेटा आपोआप परत येतो. विसरभोळ्यांसाठी उत्तम सोय.

ज्यांचं सगळं काम एक्सेलवर चालतं त्यांच्यासाठी वेगळी सूचना. एक्सेलमध्ये फिल्टर लावून ओळी दिसेनाशा झाल्या तरी ‘सम’, ‘अ‍ॅव्हरेज’, ‘काउंटइफ’ ही सूत्रं लपलेल्या ओळीही मोजतात. दिसणाऱ्या ओळींपुरतं हवं असेल तर ‘सबटोटल’ लागतं. पिव्होट टेबललाही शीटवरच्या फिल्टरची दाद नसते, तो मूळ सगळा डेटा घेतो. त्यामुळे एकाच शीटवर वर फिल्टरचा आकडा, खाली बिनफिल्टरचा आकडा आणि दोन्हींवर ‘महिला’ हे शीर्षक, असं टेबल मी पुष्कळदा पाहिलं आहे. उपाय एकच, प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर बेस, म्हणजे तो आकडा किती माणसांवरून काढला ती संख्या, लिहा. ५०० च्या जागी १२०० दिसला की चूक स्वतःहून ओरडते.

वर मी तिसरा कोड ९ दिला, त्याबद्दल. ‘फिल्टरमध्ये नसलेले’ आणि ‘फिल्टरच्या अटीत न बसणारे’ हे एकच नव्हेत. वय न सांगणारे प्रवासी ‘तिशीच्या आतले’ही नाहीत आणि ‘तिशीच्या पुढचे’ही नाहीत. एसपीएसएसचा फिल्टर त्यांना वगळतो, कारण अटीचं उत्तर ‘माहीत नाही’ आलं तर ती केस बाहेर जाते. स्टाटा या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उलटं. तिथे रिकामी किंमत कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी मानतात, म्हणून ‘वय साठपेक्षा जास्त’ असं लिहिलंत की वय न सांगणारे सगळे ज्येष्ठ नागरिक होऊन बसतात. ‘आर’ या सॉफ्टवेअरमध्ये चौकटी कंसांनी निवड केलीत तर त्यांच्या जागी रिकाम्या ओळी येतात, ‘सबसेट’ वापरलंत तर येत नाहीत. आणि आपल्याकडची खास सवय म्हणजे ‘सांगितलं नाही’ला ९९ कोड देणं. तो ‘मिसिंग’ म्हणून जाहीर केला नसेल तर प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तो नव्व्याण्णव वर्षांचा प्रवासी असतो. म्हणून कुठलीही तुलना करण्याआधी आतले, बाहेरचे आणि अनिश्चित यांची बेरीज १२०० येते का ते बघा. मी टॅब्स बघताना टक्क्यांच्या आधी ही बेरीज बघते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुमच्या प्रश्नात ती नाही, पण तुमचं निवेदन तिच्यावरच उभं राहणार किंवा पडणार आहे.

फिल्टर लावला की फक्त स्त्री-पुरुष एवढंच बदलत नाही, त्यांच्याबरोबर बाकीही पुष्कळ काही बदलतं. तुमच्या महिला प्रवासी कधी आणि कुठे भेटल्या? कार्यकर्त्या सकाळी ऑफिसला जाता जाता दादर, कुर्ला, घाटकोपर इथे महिलांशी बोलल्या आणि कार्यकर्ते दुपारी सावकाश पुरुषांशी बोलले, असं झालं असेल तर महिलांचा फिल्टर हा निम्मा ‘सकाळच्या गर्दीचा’ फिल्टर आहे. तुमच्या फाइलमध्ये प्रवासाची वेळ नोंदवलेली असेल असं धरते. नसेल तर पुढचं करता येणार नाही.

समजा आकडे असे निघाले. ५०० महिलांपैकी ४०० गर्दीच्या वेळी प्रवास करणाऱ्या, १०० इतर वेळी. ७०० पुरुषांत ३५० गर्दीच्या वेळचे, ३५० इतर वेळचे. गर्दीच्या वेळच्या महिलांत ‘हो’ म्हणणाऱ्या २५६, म्हणजे ६४ टक्के. गर्दीच्या वेळच्या पुरुषांत २३१, म्हणजे ६६ टक्के. इतर वेळी महिला १०० पैकी ३४, पुरुष ३५० पैकी ११९, दोन्हीकडे ३४ टक्के. बेरीज करून बघा, महिला २९०, पुरुष ३५०, तुमचेच आकडे. आणि ८ अंकांचा तो फरक, ज्याचा झेड २.७४ होता, तो कुठे गेला? गर्दीच्या वेळी पुरुषच दोन अंकांनी पुढे आहेत, इतर वेळी बरोबरी आहे. फरक स्त्री-पुरुषाचा नव्हता, वेळेचा होता.

यावरून महिलांचा त्रास खोटा होता असं ठरत नाही, इथे घाई करू नका. तुमचा नमुना खऱ्या प्रवासाचं चित्र असेल, म्हणजे खरोखरच महिला जास्त करून गर्दीच्या वेळीच प्रवास करत असतील, तर ५८ टक्के हा आकडा खरा आहे. गाड्या महिलांच्या जास्त सुटतात. फक्त त्याचं कारण त्यांची वेळ आहे. पण ४०० आणि ३५० हे प्रमाण तुमचे कार्यकर्ते कुठे कधी उभे होते यावरून आलं असेल, तर ५८ हा आकडा प्रवाशांपेक्षा कार्यकर्त्यांच्या वेळापत्रकाबद्दल जास्त बोलतो. यातलं काय खरं ते सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. फील्डवर्कची वही सांगेल. कोण, कुठल्या स्टेशनवर, किती ते किती वाजेपर्यंत उभं होतं, ते काढा.

मागणीही त्याप्रमाणे बदलते. पश्चिम रेल्वेने १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सोडली तेव्हापासून या गाड्यांबद्दलचा वाद एकाच ठिकाणी येऊन अडतो. गर्दीच्या वेळेतली एक फेरी महिलांना दिली की ती बाकीच्यांच्या वाट्यातून जाते. तुमच्या टेबलात गर्दीच्या वेळी दोघांचीही अवस्था सारखीच निघाली तर समोरचा अधिकारी नेमकं तेच बोट ठेवणार. मग ‘गर्दीच्या वेळेत फेऱ्या वाढवा’ ही मागणी तुमच्या डेटाला जास्त शोभेल. महिलांचा मुद्दा मांडायचाच असेल तर त्यासाठी वेगळे प्रश्न लागतील. गाडी सोडल्यावर पुढची मिळेपर्यंत किती थांबावं लागलं, डब्यात चढताना इजा झाली का, घरी पोचायला उशीर झाला की काय होतं. हे प्रश्न प्रश्नावलीत असतील तर आधी त्यांची टेबलं काढा.

करायचं कसं, तर फिल्टरवर फिल्टर चढवू नका. कॉलममध्ये वेळ, तिच्या पोटात स्त्री-पुरुष. चार कॉलम आणि टोटल. एका नजरेत सगळं दिसतं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. पहिली म्हणजे नमुना. स्टेशनबाहेर जो थांबेल त्याला विचारणं हा यादृच्छिक नमुना नव्हे. घाईत असलेला माणूस थांबतच नाही, आणि गाडी सुटल्याचा राग असलेला आवर्जून थांबतो. झेड चाचणी या दोघांचा विचार करत नाही. ती फक्त एवढंच सांगते की निवड निव्वळ योगायोगाने झाली असती तर असा फरक कितपत अपेक्षित होता. म्हणून अशा सर्वेक्षणात मी चाचणी करते, पण ‘सिद्ध झालं’ असं लिहीत नाही. ‘आमच्याशी बोललेल्या १२०० प्रवाशांत असं दिसलं’ एवढंच लिहिते.

दुसरी म्हणजे वेटेज, म्हणजे नमुन्यात कमी-जास्त आलेल्या गटांना हिशोबात कमी-जास्त वजन देणं. प्रत्येक स्टेशनवर सारख्याच संख्येने माणसं घेतली असतील आणि नंतर स्टेशनवरच्या गर्दीप्रमाणे वेट लावणार असाल तर क्रम लक्षात ठेवा. वेट सगळ्या १२०० वर ठरवायचं, मग गटांत बघायचं. महिलांचा फिल्टर लावून मग नव्याने वेट काढलंत तर महिलांचा कॉलम आणि टोटलचा कॉलम दोन वेगळ्या मापांनी मोजलेले असतील. जनगणनेचं वेट तर इथे लावूच नका. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख आणि उपनगर जिल्ह्याची सुमारे ९४ लाख आहे. घरोघरच्या सर्वेक्षणाला हे प्रमाण उपयोगी पडतं. पण लोकलमधून उतरणारा माणूस डोंबिवलीचा, म्हणजे ठाणे जिल्ह्यातला, किंवा विरारचा, म्हणजे पालघर जिल्ह्यातला असू शकतो. त्याला मुंबईच्या जनगणनेत जागाच नाही.

वेट लावल्यावर बेसही खरा राहत नाही. निम्म्या लोकांना ०.५ आणि निम्म्यांना १.५ वेट मिळालं तर १२०० माणसांची ताकद ९६० माणसांएवढी उरते. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांचं हे सूत्र सोपं आहे. वेटांच्या बेरजेचा वर्ग, भागिले वेटांच्या वर्गांची बेरीज. साधं एसपीएसएस हे करत नाही, ते वेटांची बेरीज हीच माणसांची संख्या मानतं. वेट वाढवून लाखो प्रवाशांपर्यंत नेलं असेल तर त्याला वाटतं की तुम्ही खरोखर लाखो लोकांना विचारलंत, आणि मग अर्ध्या टक्क्याचा फरकही सिग्निफिकंट म्हणून येतो. ‘सगळंच सिग्निफिकंट येतंय, काहीतरी भारी सापडलंय’ असं कुणी म्हणालं की मी आधी वेटची बेरीज विचारते.

पुढचा भाग तुम्हाला लागू नाही, पण हाच प्रश्न घेऊन राष्ट्रीय सर्वेक्षणांच्या डेटावर काम करणारे विद्यार्थी येतात, त्यांच्यासाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आपल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून समन्वयित होतं. त्याची पाचवी फेरी २०१९-२१ ची, सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांची. त्यात गावं किंवा शहरी भाग आधी निवडतात, मग त्यांतली घरं. अशा डेटात ‘फक्त महाराष्ट्र, फक्त नोकरी करणाऱ्या महिला’ अशा ओळी ठेवून बाकीच्या पुसून टाकल्यात तर टक्केवारी बरोबर येते, पण स्टँडर्ड एरर चुकू शकतो. ज्या निवडलेल्या भागांत तुमच्या अटीची एकही बाई सापडली नाही ते भाग हिशोबातून नाहीसे होतात, आणि ‘तिथे कुणी नव्हतं’ हीसुद्धा माहिती असते. म्हणून स्टाटामध्ये ‘इफ’ऐवजी ‘सबपॉप’ वापरायचं. आरमध्ये थॉमस लमली यांच्या ‘सर्व्हे’ पॅकेजात आधी सगळ्या डेटाचं डिझाइन (नमुना कसा निवडला ते) जाहीर करायचं आणि मग त्या डिझाइनचा सबसेट घ्यायचा. एसपीएसएसमध्ये ‘कॉम्प्लेक्स सॅम्पल्स’च्या खिडकीत सबपॉप्युलेशनची जागा दिलेली असते. आणि वेट कुठलं ते बघा. या सर्वेक्षणात घरगुती हिंसाचाराचे प्रश्न एका घरातल्या एकाच महिलेला विचारतात, त्यामुळे त्या प्रश्नांसाठी वेगळं वेट दिलेलं आहे. महिलांचं नेहमीचं वेट तिथे चालत नाही.

‘फिल्टर’ या नावाखाली आणखी एक काम चालतं, ते यापासून वेगळं ठेवा. कुणी प्रश्नावली दीड मिनिटात भरली, कुणी सगळ्या प्रश्नांना पहिलाच पर्याय ठोकला, अशांना काढून टाकायचं. तिथे ‘काढलेले विरुद्ध ठेवलेले’ यांच्यात सिग्निफिकन्स बघण्यात अर्थ नाही, ते वेगळे आहेत म्हणूनच तर काढले. तिथे सफाईआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून निष्कर्ष हलतो का एवढंच बघायचं. आणि काढण्याचा नियम निकाल बघण्याआधी लिहून ठेवायचा. ऑनलाइन सर्वेक्षणात मध्यकाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी वेळ घेणारे वगळणं हा एक रुळलेला नियम आहे. तुमच्याकडे माणसं समोर उभी राहून विचारत होती, त्यामुळे वेळेपेक्षा एकाच कार्यकर्त्याच्या सगळ्या प्रश्नावल्या संशयास्पद सारख्या आहेत का ते तपासा.

गट लहान करत जाण्याबद्दलही थोडं. ‘महिला, गर्दीच्या वेळच्या, हार्बरच्या, फर्स्ट क्लासच्या’ असं करत ३० माणसांवर आलात तर ५० टक्क्यांच्या आसपासच्या आकड्याला अधिक-उणे १८ अंकांची चूक सहज असते. सगळ्या १२०० ला ती अधिक-उणे ३ पेक्षाही थोडी कमी असते. आमच्याकडे ५० च्या खालच्या बेसला टेबलात चांदणी लावतात, ३० च्या खालचा आकडा छापतच नाहीत. हा निव्वळ कामाचा रिवाज आहे, पण बरा आहे. आणि वीस वेगवेगळे फिल्टर लावून बघितलेत तर प्रत्यक्षात काहीही फरक नसतानाही एखादा तरी ‘सिग्निफिकंट’ सापडण्याची शक्यता ६४ टक्के असते. कुठले गट ताडायचे ते आधी कागदावर लिहा. नंतर सुचलेले गट नंतर सुचले असंच सांगा.

तुमच्या निवेदनासाठी मी असं टेबल करेन. वर गर्दीची वेळ आणि इतर वेळ, प्रत्येकात महिला आणि पुरुष, शेवटी टोटल. प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर वेट न लावलेला बेस. चाचणीची खूण फक्त महिला आणि पुरुष यांच्यात. खाली एक टीप: कुठल्या स्टेशनांवर, कुठल्या तारखांना, किती ते किती वाजेपर्यंत विचारलं, किती जणांनी वेळ सांगितली नाही, आणि वेट लावलं असेल तर कशाच्या आधारावर. टेबल काढून झालं की पुरुष आणि महिलांचे बेस मिळून टोटलचा बेस येतो का ते एकदा कॅल्क्युलेटरवर बघा. गर्दीच्या वेळचे आकडे माझ्या ‘समजा’पेक्षा वेगळे निघाले आणि महिला खरंच पुढे राहिल्या, तर लेडीज स्पेशलची मागणी निर्धास्त करा, आणि तो फरक टोटलशी नव्हे, पुरुषांशी लिहा.